आत्याने परत पाठवलेली पिशवी

तीर्थस्वरूप आत्या,

तुझ्या पायांवर डोकं ठेवतो (मनातल्या मनात, कारण मागे प्रत्यक्ष वाकलो तेव्हा कंबरेत उसण भरली होती, आणि ‘औषधांत काम करतो आणि स्वतःला एक मलम लावता येत नाही’ असं म्हणत तू सगळ्या पाहुण्यांसमोर मला सरळ केलं होतंस). इकडे सर्व क्षेम आहे. आईचा गुडघा, बायकोचा स्वभाव आणि माझा हुद्दा हे तिन्ही जागच्या जागी आहेत. यापुढे तुझी प्रकृती कशी आहे, असं विचारायची रीत आहे. पण ते मी विचारत नाही, कारण मला कळलं आहे. सत्तावन्न दिवस तू एकही गोळी घेतलेली नाहीस. बीपीची नाही, थायरॉईडची नाही, आणि रक्त पातळ ठेवणारी तर नाहीच नाही. हे कोणी चहाडी करून सांगितलेलं नाही. तूच ते पिशवीत भरून माझ्याकडे पाठवलंस. कसं ते सांगतो, पण त्याआधी माझ्या नोकरीबद्दल सांगणं भाग आहे. गेली अकरा वर्षं तू लोकांना ‘डॉक्टरच, पण गोळ्यांचा’ अशी माझी ओळख करून देत आलीस, आणि ऐकायला बरं वाटतं म्हणून मीही गप्प बसलो.

तर सरकारी रुग्णालयात औषधवाला म्हटलं की लोकांना खिडकीच्या आतला माणूस आठवतो. मी खिडकीच्या आत नसतो. मी पुरुषांच्या वॉर्डाच्या टोकाला, बंद पडलेला वजनकाटा आणि न मिटणारी खिडकी यांच्यामध्ये बसतो. तिथे मला टेबल दिलेलं आहे (खुर्ची मंजूर आहे, आलेली नाही; सध्या पेशंटच्या स्टुलावर बसतो आणि पेशंट आला की आम्ही दोघं उभं राहून बोलतो). माझं काम असं, की दाखल झालेल्या प्रत्येकाने घरची सगळी औषधं पिशवीत घालून आणायची आणि मी ती टेबलावर ओतून बघायची: काय घेतो, काय घेत नाही, काय दोनदा घेतो आणि काय कशासाठी घेतो ते त्यालाही आठवत नाही. मग नको असलेल्या गोळ्या बंद करा, असं मी डॉक्टरांना सुचवायचं. थोडक्यात, सरकारने मला गोळ्या कमी करण्यासाठी नेमलं आहे. पण महिन्याच्या अहवालात रकाना आहे तो ‘वाटलेल्या गोळ्या’ असा. पहिल्या महिन्यात मी प्रामाणिकपणे उणे चारशे बारा लिहिलं. कारकून म्हणाला, कॉम्प्युटर उणे घेत नाही. मग शून्य लिहिलं. पुढच्या महिन्यात मला वरून पत्र आलं, की आपलं काम शून्य का, याचा खुलासा तीन दिवसांत करावा. तो खुलासा अजून टेबलाटेबलावर फिरतो आहे, आणि फिरतो आहे तोवर माझी नोकरी आहे असं मी धरून चालतो.

पेशंट तर विचारूच नकोस. एका निवृत्त बँडवाल्याने सगळ्या गोळ्या एका बरणीत मिसळून ठेवल्या होत्या आणि रोज सकाळी डोळे मिटून मूठभर घ्यायचा. मी विचारलं, यात साखरेची गोळी किती येते? तर म्हणाला, नशिबात असेल तेवढी. एका शिंप्याला दम्यासाठी कॅप्सुला दिल्या होत्या, त्या यंत्रात घालून छातीत ओढायच्या असतात. त्याने दीड महिना त्या पाण्याबरोबर गिळल्या. दमा काही जाईना. यंत्राचं विचारलं, तर ते त्याने खराब होऊ नये म्हणून कपाटात कुलूप लावून ठेवलं होतं. मी त्याला यंत्रातून औषध कसं ओढायचं ते शिकवत होतो, तेवढ्यात सिस्टर आल्या आणि मला ओरडल्या, की वॉर्डात शिट्ट्या वाजवू नका. असले किस्से मी दर वेळी तुमच्याकडे येऊन सांगायचो आणि काका डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायचे. तू मात्र हसायची नाहीस. गरीब माणसाच्या आजारावर हसू नये म्हणायचीस, आणि मग आत जाऊन हसायचीस. ते बाहेर ऐकू यायचं.

अशाच एका हसण्याच्या दुपारी काकांनी स्वतःच उठून आपली औषधं माझ्यासमोर आणून ओतली होती. बघ रे, म्हणाले, आमचं काही कमी होतंय का. चौदा निघाल्या. त्यात बीपीची एकच गोळी दोन कंपन्यांच्या दोन नावांनी होती. ती दोनदा गेल्याने चक्कर, चकरेवर एक गोळी, त्या गोळीने पोट साफ होईना म्हणून आणखी एक. गुडघ्याची एक, ती पोटात जळते म्हणून ॲसिडिटीची एक, ताकदीच्या दोन, आणि कधीकाळी कोणीतरी लिहून दिलेली ॲस्पिरीन. त्यांना माझ्या ओळखीने नव्हे, रीतसर केसपेपर काढून मी आमच्या मोठ्या डॉक्टरांकडे नेलं आणि चौदाच्या सहा झाल्या. काकांची चक्कर गेली. आठवडाभरात ते काठी विसरून कोपऱ्यापर्यंत जाऊन आले. मला ‘खोडरबर’ म्हणायला लागले, ज्याला त्याला माझं नाव सांगायला लागले. साडेतीन महिने गेले. मग एके दुपारी वर्तमानपत्र वाचता वाचता खुर्चीतच हृदय बंद पडून गेले. तू स्वयंपाकघरात होतीस. हे तुला मी सांगायला नको.

त्यानंतर तू माझ्याशी बोलली नाहीस. भांडलीसही नाहीस. फोन केला की ‘मी बरी आहे, वहिनीला दे’ म्हणायचीस, आणि आईशी तास तास हवापाण्यावर बोलायचीस, पण ताकास तूर लागू द्यायची नाहीस. मला वाटायचं, तू रागावली आहेस. बायको म्हणायची, चोराच्या मनात चांदणं. मी चोर नाही, असं मी तिला कागदपत्रांनिशी पटवून दिलं.

आता पिशवीचं. मागच्या मंगळवारी वॉर्डात नऊ नवे पेशंट होते आणि टेबलावर दहा पिशव्या. दहावी तुझ्या शेजारच्या मास्तरांनी फाटकावरच्या पहारेकऱ्याकडे दिली होती, आणि त्याने ती इतर नऊंमध्ये नेऊन ठेवली. मी ती उघडली, ओतली आणि मोजली. सवयच आहे, भाजीची पिशवीसुद्धा मी हल्ली ओतून मोजतो. प्रत्येक पाकिटावर दिल्याची तारीख आणि नव्वद हा आकडा, आत अडुसष्ट शिल्लक. तिन्ही पाकिटांत अडुसष्ट. म्हणजे बावीस दिवस एकही चूक न करता घेतल्या आणि तेविसाव्या दिवशी सगळ्या एकदम बंद. इतका व्यवस्थितपणा आमच्याकडे दिसत नाही. मी नेहमीप्रमाणे चिठ्ठी लिहिली: ‘बहुधा वयस्कर स्त्री. हृदयाचे ठोके अनियमित असावेत. औषध पूर्ण बंद, पक्षाघाताचा धोका. पेशंटने मुद्दाम बंद केलेलं दिसतं. नातेवाइकांना तातडीने कळवावे.’ खाली सही ठोकली. पुरुषांच्या वॉर्डात बाईची पिशवी कशी, म्हणून कोणाची ते बघायला ती उलटी केली, तर तळातून तुझ्या अक्षरातला कागद पडला. ‘गरजूंना दे. मला आता लागत नाहीत. तूच म्हणतोस, जितक्या कमी तितक्या बऱ्या.’

कळवायचे नातेवाईक मीच होतो. मग मी बोटांवर तारीख मागे मोजत गेलो. बाविसावा दिवस कोणता ते लक्षात आल्यावर मोजणं थांबवलं. त्या दिवशी सकाळी तू तिन्ही गोळ्या घेतल्या होत्यास, आणि दुपारी काका गेले. मला रडू आलं, आत्या. बँडवाला समोर उभा होता, त्याने मला आपल्या खाटेवर बसवलं आणि पाणी दिलं (आणि बरणीतली एक गोळी देऊ का, असंही विचारलं, मनाचा मोठा आहे).

तुझी औषधं मी कोणा गरजूला देऊ शकत नाही. एकदा घरी गेलेलं औषध दुसऱ्याला द्यायचं नाही, असा आमचा नियम आहे, आणि आमच्या सगळ्या नियमांत तेवढाच एक शहाणा आहे. ज्याचं त्याला परत करायला मात्र हरकत नाही. जितक्या कमी तितक्या बऱ्या, हे मी नको असलेल्या गोळ्यांबद्दल म्हणतो. तुझ्या तिन्हीतली एकही तशी नाही. रक्ताची ती गोळी थांबली की रक्ताची गुठळी कधी मेंदूत जाईल याचा भरवसा नाही, आणि मग तू मरशीलच असंही नाही. नुसती पडून राहशील, बोलता येणार नाही, आणि तुला बोलता न येणं म्हणजे काय हे तुझं तुला ठाऊक. राहिलं काकांचं. त्यांची फाईल मी तीन डॉक्टरांना दाखवली. तिघंही म्हणाले, गोळ्या बंद केल्या त्या बरोबर होत्या, त्या वयाला ॲस्पिरीनने पोटातून रक्त जायचीच भीती जास्त. पुस्तकांत तसं छापलेलं आहे. शिवाय मी फक्त सुचवतो. सही मोठ्या डॉक्टरांची होती. तेव्हा माझ्यामुळे काका गेले असं तू मनात धरू नकोस, आणि त्यापायी स्वतःला शिक्षा करू नकोस.

आई आशीर्वाद सांगते, बायको नमस्कार. पोरं मजेत आहेत. कळावे, लोभ आहेच, तो माझ्या हुद्द्यासारखा जागच्या जागी राहू दे.

तुझा भाचा

ता. क. तुमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंशी मी फोनवर बोललो आहे. हे पत्र मिळेल त्याच दिवशी त्यांच्याकडे जा. रक्त, बीपी बघतील आणि लगेच गोळ्या सुरू करतील. इतक्या दिवसांनी आपल्या मनाने सुरू करू नकोस. मास्तर सोबत येतील, त्यांनी कबूल केलंय. शनिवारी मी पिशवी घेऊन येतो. तोवर बाई देतील त्या नव्या पाकिटांतल्या गोळ्या कमी झालेल्या मला मोजायच्या आहेत.

ता. क. दुसरा. वर सही मोठ्या डॉक्टरांची होती असं लिहिलं, ते खरं आहे, पण पुरतं खरं नाही. त्यांनी सात गोळ्यांवर काट मारली आणि ॲस्पिरीनवर पेन थांबवलं. म्हणाले, राहू दे, इतकी वर्षं घेतायत, सोसलीय. मी त्यांच्याशी दहा मिनिटं वाद घातला. पुस्तक उघडून पान दाखवलं. काका शेजारी बसून माझ्याकडे कौतुकाने बघत होते. मी जिंकलो. पुस्तक आजही तेच सांगतं, आणि ती चालू असती तरी काका गेले असते असंही सगळे सांगतात, आणि तसंच असेल. पण ते मला ठाऊक नाही. कोणालाच नाही.

ता. क. तिसरा, आणि पत्र लिहिलं ते खरं यासाठी. ही दहा मिनिटांची गोष्ट मी बायकोला सांगितली, आईला सांगितली, तिन्ही डॉक्टरांना सांगितली. सगळ्यांनी पाठीवर हात ठेवला. तुझी चूक नाही म्हणाले. तू एकटीच काही म्हणाली नाहीस, आणि म्हणायचा हक्क असलेली तू एकटीच आहेस. शनिवारी येईन तेव्हा वहिनीला दे म्हणू नकोस. मला समोर बसव आणि काय बोलायचं ते बोल. एका दिवसात संपणार नाही, मला माहीत आहे. वर्षानुवर्षं बोल, दर शनिवारी बोल, मी येत जाईन. तेवढ्यासाठी तरी उद्या सकाळी गोळी घे, आत्या.