सहा क्रेडिट कमी

९ एप्रिल

आज पुन्हा त्याचा फोटो पाहिला. कॉलेजच्या वेबसाइटवर. डग रिटरबुश, खेळाडूंचे अभ्यास-सल्लागार. तोच निळा शर्ट, तेच पांढरे दात. खाली लिहिलंय, 'आमचा प्रत्येक खेळाडू पदवी घेऊनच बाहेर पडतो.'

प्रत्येक! मग मी कोण? कॉड मासा?

इथे कोडियाकच्या मासळी कारखान्यात सकाळपासून कॉडच येतोय. पट्ट्यावरून पोट चिरलेला मासा येतो, मी चमच्यानं कण्याजवळचं रक्त खरवडून पुढे ढकलतो. मिनिटाला बावीस. प्रत्येकाला मनात एकच नाव देतो. डग. डग. डग. दिवस बरा जातो त्यानं.

१० एप्रिल

एकदा नीट लिहून ठेवतो. राग शिळा व्हायला नको.

पदवीला एकशे वीस क्रेडिट लागतात. एक विषय पास केला की साधारण तीन मिळतात. तिसरं वर्ष सुरू व्हायच्या आत त्यातले अठ्ठेचाळीस हातात हवेत — आणि तेही आपण निवडलेल्या पदवीचेच! इकडचे तिकडचे चालत नाहीत. अठ्ठेचाळीस नसले तर मैदानावर पाय ठेवायचा नाही. हा नियम मला कुणी सांगितला नव्हता. मी अमेरिकन फुटबॉल खेळायला गेलो होतो. अंगानं दरवाजाएवढा, इंग्रजी वाचायचं म्हटलं की घाम.

रिटरबुश कागद पुढे करायचा. "इथे सही कर, भिडू." मी करायचो. बोलिंग. गोल्फ. प्रथमोपचार. कॉलेजात रुळावं कसं — असाही एक विषय होता! दोन वर्षांत चौपन्न क्रेडिट झाले. मी आईला फोनवर सांगितलं, चौपन्न! तिनं चर्चमध्ये सांगितलं.

त्यातले पदवीचे एक्केचाळीस. बाकी सगळा भुसा.

ऑगस्टमध्ये बोलावून म्हणाला, "सॉरी भिडू, सात कमी पडतात." ओठ वाकडे करून म्हणाला, जणू दुकानात माझ्या मापाचा बूट नव्हता. माझ्या जागेवर आठवड्यात टेक्ससचा एक पोरगा आला. आता कुणी मला सांगावं की ती नुसती चूक होती!

१७ एप्रिल

आज घरी, आमच्या बेटावर, झेंड्याचा दिवस. पागो पागोच्या खाडीत होड्यांची शर्यत. आईनं फोन धरून आरडाओरडा ऐकवला. आमच्या लेओने गावाची होडी तिसरी आली म्हणून ती पंचांना शिव्या देत होती. मग एकदम — "तुझा गुडघा कसाय रे?"

"बरा आहे आई."

गुडघ्याला काही झालेलंच नाही. कधीच नव्हतं. तेव्हा घरी सांगू काय? की मी कच्चा ठरलो? म्हणून गुडघा मोडला असं सांगितलं. गुडघा मोडला तर लोक हळहळतात. क्रेडिट कमी पडले तर हसतात.

आणि या एका थापेमुळे आई रिटरबुशला अजून देवमाणूस समजते. तो कोचबरोबर आमच्या घरी आला होता ना, तेव्हा तो जेवत असताना आई मागे उभी राहून पंख्यानं माश्या वारत होती. माझी आई! त्यानं दोनदा तारोचे कंद मागून घेतले. निघताना म्हणाला, "मुलाची काळजी नको, आता तो माझा."

चार वर्षांनी त्याच विश्वासावर तिनं धाकट्यालाही तिथेच पाठवला. एतुआले. मी हो म्हणालो. नाही कशाच्या जोरावर म्हणणार होतो?

१८ एप्रिल

रिटरबुशला भर सभेत उभा करीन. त्याच्याकडून मोजून घेईन, एकेक क्रेडिट, मोठ्यानं.

२६ एप्रिल

सगळ्या कॉलेजांच्या खेळांवर देखरेख करणारी जी वरची संघटना आहे, तिथे तक्रार करता येते. आज फोन लावला. बाई गोड बोलली. म्हणाली, तुमचं एकट्याचं प्रकरण जुनं आहे. एकदा झालं तर ती चूक म्हणतात. तसंच पुन्हा कुणाच्या बाबतीत झालेलं दाखवता आलं, तर गोष्ट वेगळी.

पुन्हा कुणाच्या?

२८ एप्रिल

एतुआलेला सांगितलं, तुझी गुणपत्रिका पाठव, आईसाठी छापून घेतो. पोरगं खूश! पाच मिनिटांत फोटो. खाली लिहिलं, 'बघ दादा, या सत्राचे धरून सत्तावन्न! तुझ्यापेक्षा तीन जास्त!'

३ मे

आज सुट्टी. पदवीची यादी समोर ठेवली, त्याची गुणपत्रिका शेजारी ठेवली, आणि पेन्सिलनं एकेक खूण करत गेलो. दोनदा मोजलं. तिसऱ्यांदा बोट ठेवून मोजलं.

बोलिंग आहे. प्रथमोपचार आहे. कॉलेजात रुळावं कसं, तेही आहे! आमचं घराणं रुळण्यातच संपणार.

पदवीचे बेचाळीस. सहा कमी.

खरं काय ते लिहितो, इथे कोण बघतंय. मला आनंद झाला. टेबलावर मूठ आपटली मी. सापडलास! दोन भाऊ, एकच सल्लागार, एकच फसवणूक. आता 'चूक' म्हण बघू!

४ मे

सहा क्रेडिट म्हणजे दोन विषय. उन्हाळ्याच्या वर्गात होऊन जातात. नाव नोंदवायची शेवटची तारीख २३ मे. घरून, फोनवरूनसुद्धा नोंदवता येतं.

त्याला आज सांगितलं तर तो वाचतो.

आणि वाचला तर माझ्या हातात काय उरतं? काहीच झालं नाही म्हणतील. रिटरबुश दात दाखवत बसेल आणखी वीस वर्षं.

७ मे

खोलीत माझ्याबरोबर मनोंग क्रिसांतो असतो. फिलिपिनो, साठीचा. सगळे त्याला मनोंग म्हणतात, म्हणजे थोरला भाऊ. बावीस हंगाम इथे काढलेत त्यानं, आणि भात शिजवताना कुणाला जवळ येऊ देत नाही. त्याला सांगितलं. माझ्या ओळखीचा एक माणूस आहे म्हणून सांगितलं.

त्यानं झाकण उचललं, वाफ बघितली, झाकण ठेवलं. म्हणाला, "मोठा मासा पकडायचा म्हणून गळाला भाऊ लावतोय होय तुझा माणूस?"

"फक्त एक वर्ष जाईल त्याचं. मग सगळं उघडकीला येईल, त्याला न्याय मिळेल."

"गळाला लावलेला मासा परत पोहताना बघितलायस कधी?"

म्हातारा फार बोलतो.

११ मे

एतुआलेचा फोन. परीक्षा संपली. मागे पोरं गाणी म्हणत होती.

"दादा, उन्हाळ्यात काय करू? इथे राहून एखादा विषय उरकू की घरी जाऊ? रिटरबुश सरांना विचारलं. ते म्हणाले, जा, आईच्या हातचं खा, दमलायस."

"मग?"

"मग तू सांग. तू इथे राहून गेलायस."

 मागून कुणीतरी ओरडलं, ए एतु, चल की! पट्टा सुरू व्हायला दहा मिनिटं होती. हातमोजे चढवत म्हणालो, "घरी जा. आईला भेट."

"नक्की ना?"

"जा म्हटलं ना!"

आमच्याकडे थोरल्यानं सांगितलं की 'का' विचारत नाहीत. मी रिटरबुशला कुठे विचारलं होतं? तोही नाही विचारणार. मला माहीत होतं की नाही विचारणार.

१२ मे

दोष रिटरबुशचाच. मोजायचं काम त्याचं. पगार तो घेतो.

१८ मे

एतुआले घरी पोचला. आईनं फोटो पाठवला. गळ्यात फुलांच्या माळा, कान दिसत नाहीत, तोंड ह्या कानापासून त्या कानापर्यंत. मनोंगला दाखवला.

"हाच का तुझ्या माणसाचा भाऊ?" म्हणाला.  भात मात्र माझ्या वाटचा ठेवला होता.

२२ मे

दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत फोन लावला. ठरवून लावला. सांगणार होतो. 'एतु, सहा कमी आहेत, उद्याच्या आत नाव घाल' — एवढंच. पाठ केलं होतं.

आईनं उचलला. "अगंबाई, तुझंच नाव काढलं होतं आत्ता! एतु चर्चच्या पोरांना शिकवतोय बघ. पदवी म्हणजे काय, कशी घ्यायची. फळ्यावर काढून दाखवतोय! तो रिटरबुश बाबा किती करतो रे आपल्यासाठी. दोन्ही पोरांना पदरात घेतलं."

पदरात!

माझ्या डोक्यात सणक गेली. तिच्या तोंडून ते नाव, त्या आवाजात. एतुला देऊ का फोन, म्हणाली. राहू दे, म्हणालो. शिकवतोय तर शिकवू दे.

२३ मे

चार वाजता तिकडची मुदत संपली. मी मासे खरवडत होतो.

७ जून

झोप लागते. जेवण जातं. लोक म्हणतात मन खातं. माझं तर काही खात नाही.

३ जुलै

सामन माशाचा हंगाम आला. दिवस कुठला, तारीख कुठली, कळत नाही. हात सुजून पावासारखे झालेत. तक्रारीचं पत्र लिहितोय, रोज चार ओळी. स्पेलिंग मनोंगकडून तपासून घेतो. तो तपासतो, चष्मा लावून.  एकदा फक्त म्हणाला, "राग चांगला लिहितोस. बाकीचं काही लिहीत जा कधी."

१४ ऑगस्ट

झालं. एतुआलेचा फोन. 

"दादा... मला खाली बसवलं. सहा कमी म्हणतात. मी म्हटलं, सत्तावन्न आहेत! तर म्हणतात, ते सगळे मोजत नाहीत. सगळे का नाही मोजत, दादा? मी पास झालोय ना त्यात?"

"रिटरबुश काय म्हणाला?"

"काही नाही. कागद बघत बसला. पांढराफटक पडला होता. मला म्हणाला, घरी जा, उद्या ये." मग रडायला लागला. दोन मीटरचा पोरगा! "आईला काय सांगू? तुझा गुडघा, माझं हे... आपल्या घराला दृष्टच लागली रे."

गुडघ्याचं ऐकून कसंतरी झालं. पण म्हणालो, "घाबरू नको. मी बघतो त्याच्याकडे."

"तू? तू तिथून काय करणार?"

"बघशील."

पांढराफटक! ते ऐकायला चार वर्षं थांबलो होतो. माझ्या वेळी ओठ वाकडे केले होते, आठवतंय का डग?

१६ ऑगस्ट

तक्रार पाठवली. अकरा पानं. माझी गुणपत्रिका, एतुची गुणपत्रिका, दोन्ही यादीशी लावून. शेवटी लिहिलं, ह्या माणसाला पुन्हा कुठल्याही मुलाच्या शेजारी बसू देऊ नका.

बटण दाबलं आणि बाहेर जाऊन धक्क्यावर उभा राहिलो. सीगल पक्षी मासळीच्या आतड्यांवर भांडत होते. मोठ्यानं हसलो मी. लोकांनी बघितलं. बघू देत.

१७ ऑगस्ट

मनोंगनं विचारलं, गेलं का पत्र? गेलं म्हटलं. त्यानं मान हलवली. आज स्वतःपुरताच भात शिजवला.

२४ ऑगस्ट

संघटनेकडून पोच आली. तक्रार मिळाली, क्रमाने पाहिली जाईल, साठ दिवस लागू शकतात. लागू देत. साठ काय, सहाशे! डग, मोज दिवस. मोजायला शीक.

एतु सरावाला जाऊन बाकावर बसतो म्हणे. पाण्याच्या बाटल्या भरतो. आईला अजून सांगितलेलं नाही. मी म्हटलं, तेच बरं. थोडे दिवस थांब.

३१ ऑगस्ट

वेबसाइट पाहिली. रिटरबुशचा फोटो नाही! जागा रिकामी. तीनदा पान उघडलं. नाही म्हणजे नाही!

इतक्या लवकर? माझं पत्र कुणीतरी वाचलं असणार. वाचून तिथल्या तिथे हाकलला असणार! अकरा पानांत उडाला रे! मनोंगला हलवून सांगितलं. तो म्हणाला, "आणि भाऊ? भाऊ आला का मैदानावर?"

येईल. आता तोही येईल. क्रमाक्रमानं सगळं होईल.

५ सप्टेंबर

एतुआलेचा फोन. शनिवारी खेळणार! रिटरबुशनं आपणहून लिहून दिलं म्हणे, पंधरा ऑगस्टलाच — मुलाचा काही दोष नाही, चूक पूर्ण माझी, याला सवलत द्या. त्या कागदावर सवलत मिळाली आणि त्याच कागदावर त्याची नोकरी गेली. संघटनेत फोन करून विचारलं, तर माझी तक्रारबिक्रार अजून उघडलेलीसुद्धा नाही.

"सामान खोक्यात भरताना रडत होता रे, दादा. म्हणाला, नव्वद पोरं होती, तुझं मोजायचं राहून गेलं. मेमध्येच कुणीतरी एकदा मोजलं असतं तर, दादा!"

मी म्हटलं, हो ना.