एका अक्षराला एक माणूस

बरबँक, ९ ऑक्टोबर

प्रिय वेंडेल,

कसा आहेस? ओहायची हवा मानवतेय ना? संत्र्यांच्या बागेत राहायला गेलेल्या माणसाला हे विचारायचं नसतं, पण पत्राला सुरुवात कुठून तरी करायला हवी. तुझी बायको जॉइस हिला माझी आठवण सांग. तिचे गुडघे आता कमी कुरकुरत असतील अशी आशा आहे. इकडे मी ठीक. ऑक्टोबर उजाडला तरी उकाडा हटायला तयार नाही, आणि माझी मांजर पर्ल दिवसभर तुझ्या खुर्चीत पसरलेली असते. मी तिला उठवत नाही.

हाताने पत्र लिहितेय म्हणून हसू नकोस. मेल केली असती तर तू उघडली नसतीस. मे महिन्यापासून एकही उघडलेली नाहीस. फोन केला की जॉइस घेते आणि तू 'बागेत' असतोस. एवढं बागेत माळीसुद्धा राबत नाही.

आधी कामाचं सांगते. व्हर्नाची पटकथा, म्हणजे बेकर्सफील्डमध्ये बोलिंगचा अड्डा चालवणाऱ्या बाईची आपली गोष्ट, अजून जिवंत आहे. टोबिन, आपला निर्माता, बैठकीला अनवाणी बसतो तो, त्याला सोमवारी पक्का मसुदा हवाय. मधला भाग मी एकटीने पुन्हा लिहिला. त्याला फारच आवडला. तेव्हाच मला शंका आली.

तुला वाटतं, पटकथा लिहायचं ते नवं सॉफ्टवेअर मी टोबिनच्या एका शब्दावर घरात आणलं. तसं नव्हतं रे. मी रीतसर स्थळं पाहिली होती. एक फुकटातलं होतं, ते प्रत्येक पानावर आडवा आपलाच शिक्का मारायचं. दुसरं दिसायला देखणं, पण सकाळी उघडलं की विचारायचं, 'आज किती पानं लिहिणार?' असला प्रश्न मला माझ्या आईनेही कधी विचारला नाही. तिसऱ्यात आपली सत्त्याण्णव पानांची पटकथा टाकली तर ती एकशे चार पानांची झाली. पान म्हणजे पडद्यावरचं एक मिनिट असं धरून चालणाऱ्या आपल्या धंद्यात ही सात मिनिटं कुणाच्या गळ्यात मारायची? शेवटी टोबिनच्या कंपनीत चालतं तेच घेतलं. सगळ्यांनी एकाच वेळी एकाच फायलीत लिहायचं, प्रत्येकाच्या अक्षरांपुढे त्याच्या नावाचा छोटा झेंडा पळणार. तुला जांभळा मिळाला, मला हिरवा. तू म्हणालास, "बर्ट, हे लिहिणं आहे की घोड्यांची शर्यत?"

तेव्हा मला ते विनोदी वाटलं होतं.

तुझ्या त्या जुन्या संगणकाची मी आयुष्यभर टर उडवली. कधी इंटरनेटला न जोडलेला, चालू करायला लोणच्याच्या बरणीसारखी थाप मारावी लागणारा तो डबा. पण सव्वीस वर्षं तू त्याच्यापुढे बसलास आणि मी तुझ्यामागे येरझारा घातल्या. मी वाक्य म्हणायचे, तू टंकायचास, आणि मध्येच हात थांबवून म्हणायचास, "खोटं." एवढंच. का खोटं ते कधी सांगितलं नाहीस. मी चिडायचे, दोन फेऱ्या मारायचे आणि दुसरं वाक्य म्हणायचे. बोलणाऱ्याचं नाव तर तुला पूर्ण लिहावंही लागायचं नाही. पहिलं अक्षर दाबलं की त्या डब्यातला प्रोग्राम खाली नाव धरायचा, तू एक कळ दाबायचास, की पुढे.

आणि तुझा तो नियम. एका अक्षराला एकच माणूस. नियम सगळेच पाळतात, वाचणाऱ्याचा गोंधळ नको म्हणून. पण दोन वर्षांपूर्वी मी रसेल आणि रीटा असे दोघे एकाच गोष्टीत आणले तेव्हा तू टेबलावर हात आपटलास. "एकाला हाकल," म्हणालास. मला वाटलं, म्हातारपणी माणूस तंत्राचा सोवळा झाला. मी रीटाची डोरिस केली आणि विषय हसण्यावारी नेला.

मे महिन्यातल्या त्या बैठकीबद्दल आता लिहायला हवं. इतका वेळ मी मांजर आणि हवा यांच्या आड लपले होते.

आपण दोघं आपापल्या घरून, टोबिन आणि त्याची दोन तरुण मुलं त्यांच्या कचेरीतून, सगळे एकाच पानाकडे बघत होतो. जुन्या फायलीतून मजकूर नव्या सॉफ्टवेअरमध्ये आला होता, नावांची यादी आली नव्हती. हे मला ठाऊक होतं, पण सांगण्यासारखं काही वाटलं नाही. तू एक संवाद घालायला गेलास. वर बोलणाऱ्याचं नाव हवं होतं. जांभळा झेंडा तिथेच उभा राहिला. मग तू लिहिलंस, 'ती'. खोडलंस. 'अड्ड्याची बाई' लिहिलंस. तेही खोडलंस. आम्ही चौघं बघत होतो.

आणि मी म्हणाले, "काय रे, पोटच्या पोरीचं नाव विसरलास? का दुसरं घर केलंस?"

सगळे हसले. तूही हसलास. मग म्हणालास, "हे सॉफ्टवेअर टाकाऊ आहे," आणि मी म्हणाले, "नाचता येईना, अंगण वाकडं." पोरांना ते फारच आवडलं. दुसऱ्या दिवशी तुझा दोन ओळींचा निरोप आला, की तू निवृत्त होतोयस.

त्यानंतर पाच महिने मी गावभर सांगत फिरले, की वेंडेल ऑस्ट्रँडर नावाच्या गाढवाने एका प्रोग्रामवरून सव्वीस वर्षांची भागीदारी मोडली. प्रत्येक वेळी गोष्टीत थोडा मीठमसाला घातला. लोक हसायचे. मला गोष्टी सांगता येतात, हेच तर माझं दुखणं आहे.

दोन आठवड्यांपूर्वी जॉइसने सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले तेही, आणि आपण विसरतोय हे तुला स्वतःला केव्हापासून, रसेल आणि रीटाच्याही आधीपासून, कळत होतं तेही. तुला यातलं काही समजू द्यायचं नाही असं वचन तिने माझ्याकडून घेतलं होतं. ते मी आत्ता मोडलं. तिच्यावर रागावू नकोस. ती स्वयंपाकघरातून, नळ सोडून बोलत होती, तुला ऐकू जाऊ नये म्हणून. बाईला रडायलाही नळ सोडावा लागतो, वेंडेल.

मला फार वाईट वाटतं. तुझ्या आजाराचं वाटतंच, पण त्याहून जास्त याचं, की इतकी वर्षं त्या डब्याने तुला शब्द न बोलता नाव पुढे केलं आणि मी, तुझ्यामागे दोन हातांवर उभी राहत आलेली, ते केलं नाही. मला नाव माहीत होतं. नुसतं 'व्हर्ना' म्हणायचं होतं.

आता सोमवारचं. टोबिन विचारतोय, मुखपृष्ठावर एक नाव की दोन? करारात आपण जोडीने एकच लेखक आहोत. तू नसशील तर ती जोडी मोडल्याचं मला लिहून द्यावं लागेल आणि मसुदा माझ्या एकटीच्या नावाने जाईल. तो मसुदा चांगला नाही. टोबिनला कळत नाही, मला कळतं. दर पानावर कुठेतरी काहीतरी खोटं आहे आणि ते नेमकं कुठे, हे मला ऐकू येत नाही. ते तुलाच ऐकू यायचं. त्यासाठी नावं लक्षात असायची गरज नाही.

म्हणून शनिवारी ये. जॉइस गाडी चालवेल, मी तिला विचारलंय. पर्लला खुर्चीवरून उतरवेन. टंकायचं काम माझं. व्हर्नापासून ते बूट भाड्याने देणाऱ्या पोरापर्यंत सगळी नावं मी त्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये हाताने भरून ठेवलीत, तुला वाटलंच तर एक अक्षर दाब. नाही वाटलं, तर नुसता बस. मी वाचेन. जिथे खोटं असेल तिथे सांग. एखाद्या दिवशी तेही नाही जमलं, तर आपण जेवायला जाऊ.

नाही आलास तर मी समजेन. मग सोमवारी एकच नाव लिहीन, आणि ते मला जन्मभर टोचेल, हेही तुला ठाऊक असावं. ही भीड घालणं आहे, मला माहीत आहे. मी घालतेय.

एक शेवटचं. वाचताना तुला राग आला असेल. जॉइसपुढे 'तुझी बायको', टोबिनपुढे 'आपला निर्माता', व्हर्ना कोण तेही, जणू तू परका आहेस. तुला आज हे सगळं माहीत आहे, मला कळतं. पण हे पत्र तू पुढे कधीतरी पुन्हा उघडशील. त्या दिवशी कुणी मागे उभं असेल की नाही, कुणास ठाऊक. म्हणून सगळ्यांची ओळख लिहून ठेवली. माझी तेवढी राहिली होती.

तुझी,
रोबर्टा फेअरली.
तू मला बर्ट म्हणतोस. आपण दोघं मिळून लिहितो.