तिच्या पोटाचं उत्तर

मंगळवार, दवाखाना बंद केल्यावर

राग अजून जात नाही. हात दोनदा साबणाने धुतले, तरी खोबरेल तेलाचा वास येतोच आहे.

सकाळी विचुंब्याहून एक जोडपं आलं. बायकोच्या पोटात रात्रीपासून कळा, चेहरा पांढराफटक. मी तिला विचारलं, कुठे दुखतं? उत्तर नवऱ्याचं. "वाटी सरलीय, डॉक्टर, बेंबी जागची हललीय. आत्यानं तेल लावून चोळलं, तरी उतार नाय." पोट तेलाने नुसतं चकाकत होतं. खाली डावीकडे बोट टेकवलं तर ती कळवळली. नाडी पळत होती. पाळी कधी आली होती? तेही यानेच सांगावं! "येते की बरोबर." अरे, पोट कुणाचं?

शेवटी त्याला बाहेर बसवलं. दार लागलं तशी ती हळूच म्हणाली, "चुकलीय. आन खांदा पन दुखतोय."

म्हणजे गर्भ गर्भाशयाऐवजी नळीत राहिला असणार, नळी फुटून आत रक्त साचत असणार; खांदा त्यानेच दुखतो. आणि वरून हे तेल चोळतायत! सलाईन लावलं, हॉस्पिटलात मीच फोन केला, ॲम्ब्युलन्समधून धाडलं.

आत्ता त्याचा फोन आला. ऑपरेशन झालं, वाचली. रडत होता. "तुमी बरोबर वळखलं, डॉक्टर."

"मी नाही. तिनं सांगितलं."

"तिनं?"

"शुद्धीवर आलीय ना? आता दुखतंय का तिला?"

"नाय नाय, आता अजिबात नाय."

"तिला विचारलंत?"