गाडीचं अस्तर

२ मार्च

चि. पान्यास, अ. उ. आ.

घाबरू नकोस, घरात सगळे धडधाकट आहेत, गाडी सोडून. काल माझ्या चाकांवरच्या शिवणदुकानातून कात्री घरंगळली, ती शोधायला गाडीखाली वाकले आणि वर बघते तर काय, सगळा तळ गंजून लाल! महिनाअखेरीला तपासणी आहे. नापास झाली की गाडी भंगारात आणि मी जाऊबाईंच्या कारखान्यात बटणं लावायला. त्या आत्तापासूनच माझी खुर्ची पुसून ठेवतायत म्हणे. तुझे आतोबा तर भंगारवाल्याशी बोलूनही आले. म्हणतात, म्हातारीला पावडर फासून ती तरुण होते का? आता बघाच म्हणावं!

तू गॅरेजात एवढं राबतोस, त्याचा आत्याला कधी उपयोग व्हायचा? घरच्या घरी काय करता येईल ते सविस्तर लिही.

तुझी हट्टी आत्या

९ मार्च

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

आधी पेचकसाच्या मुठीनं तळ ठोकून बघ. खणखणीत वाजला तर गंज वरवरचा. पत्रा आत दबला तर तिथेच थांब आणि मला कळव. चाकांपुढे-मागे दगड ठेव, आणि नुसत्या जॅकवर अजिबात विसंबू नकोस. पक्के स्टँड लावल्याशिवाय खाली डोकं घातलंस तर आपली कट्टी.

मग तळ स्वच्छ धू, खडखडीत वाळू दे, डोळ्यांवर चष्मा लावून तारेच्या ब्रशनं घास. नंतर गंजरोधक प्रायमर, तो सुकला की वर काळा रबरी लेप. सायलेन्सरला आणि ब्रेकला मात्र थेंबही लागता कामा नये. आतोबांना सांग, पैज लावायची असेल तर मी तुझ्या बाजूनं.

आशीर्वादाचा हात असू दे, ग्रीसनं माखला असला तरी.

तुझा पान्या

१८ मार्च

चि. पान्यास, अ. उ. आ.

खणखणीत वाजला रे! घासून घासून खांदे भरून आले. केसांत इतका गंज बसला की आतोबांनी विचारलं, केस रंगवलेस की काय. लेप असा बसलाय, जणू कोटाला अस्तर. कडेच्या पत्र्यांना खालून ओळीनं भोकं होती, तीही एकूण एक लिंपून टाकली. भोक दिसलं की माझा हात कुठला थांबायला! आता वरून गाडी धुऊन लखलखीत केली की पुढच्या शुक्रवारी तपासणी. आतोबांनी भंगारवाल्याला त्याच दिवशी बोलावलंय. काय हा विश्वास!

आत्या

२१ मार्च

ती. आत्यास, सा. न.

अगं, ती भोकं पाणी निघून जायला ठेवलेली असतात! बुजली की पाणी आत साचतं आणि पत्रा आतून सडतो. तपासनीस ती बघितल्याशिवाय सोडणार नाही. लिहायचं राहूनच गेलं, माझं डोकं फिरलं होतं. लगेच मोकळी कर, पण हलक्या हातानं, आणि उघड्या पडलेल्या कडांना पुन्हा लेप लाव. जीव टांगणीला लागलाय. लगेच लिही.

पान्या

२८ मार्च

चि. पान्यास, अ. उ. आ.

पास! पास! पास!

तुझं पत्र वाचलं आणि हातातली शिवण तिथेच टाकली. दाभण घेऊन शिरले गाडीखाली. एक भोक उघडलं तर धुतल्याचं साचलेलं पाणी घळाघळा थेट माझ्या बाहीत! पाण्यात भिजून एवढा आनंद मला कधी झाला नव्हता. मग काडीला लेप लावून प्रत्येक भोकाची कड फिरवली, काजं करतात तशी.

तपासनीस बॅटरी घेऊन खाली गेला तो बाहेरच येईना. मी पदर पिळून पिळून चुरगाळला. बाहेर आला आणि विचारतो कसा, काम कुठल्या गॅरेजात केलंत? अंगणात, म्हटलं. त्यानं सहकाऱ्यालाही बोलावून दाखवलं!

फाटकाशी भंगारवाला ट्रक लावून उभाच होता. मी हॉर्न वाजवत वाजवत गाडी आत घातली. त्यानं माझ्या गाडीखाली पाहिलं, मग स्वतःच्या ट्रकखाली पाहिलं, आणि आतोबांना बाजूला सारून मलाच विचारलं, याचं अस्तर कधी बसवून द्याल? आतोबा गुपचूप आत गेले ते जुना सदरा घालून आले, आणि माझ्याकडे तारेचा ब्रश मागितला.

उद्या दुकान घेऊन बाजारात निघते. लोभ आहेच, त्यावरही एक हात चढव. जाऊबाईंना निरोप धाडलाय: बटणं तुमची तुम्ही लावा, मला काजं करायची आहेत.

तुझी आत्या