हळदीच्या दिवशीचं रडणं

प्रिय त्रिशला,

तुमच्या त्या नागेंद्रला कागद पाहिजे. आमच्या शेडातल्या रूपालीचं डोकं ठिकाणावर आहे असा, डॉक्टरचा शिक्का मारलेला. तो आणल्याशिवाय तिला गेटाच्या आत पाऊल टाकू देणार नाही म्हणतो. मी त्याला विचारलं, बाबा, तुझ्याजवळ आहे का असला कागद? असला तर दाखव, आम्ही पण बघू कसा असतो. तर माझ्यावरच डोळे वटारले, आणि म्हणतो, जयाबाई, तुम्हाला पण घरी विश्रांती पाहिजे का? सुपरवायझर आहे तो, शेड काय त्याच्या बापाची न्हाय. पोरगी घरात बसून आहे आणि शेडच्या भिंतीवर तुमचा बोर्ड झळकतोय, मराठीत, कानडीत आणि इंग्रजीत, 'मन मोकळं करा, आम्ही ऐकतोय'. ऐकलंत की. लई चांगलं ऐकलंत.

चारचौघांत मी तुला, कारखान्याची मालकीण म्हणून, वहिनीसाहेब म्हणते आणि बाजूला होऊन वाट देते, ते मला जमतं. पण कागदावर हाताला 'तू'च येतंय. सदलग्याच्या शाळेत एका बाकावर आपली चौथी झाली. पुढं तू हायस्कूलला गेलीस आणि मी तुमच्याच उसात खुरपं घेऊन भांगलायला. माझं अक्षर त्या चौथीतच थांबलंय, वाचताना त्रास झाला तर सोस. फोन केला की तुझी सून उचलते, मम्मी पूजेत आहेत म्हणते. दिवसभर कसली गं पूजा?

तुझी ती योजना सुरू झाली तेव्हा मी हसले होते, खोटं कशाला बोलू. जेवणाच्या सुट्टीत योगा. सकाळपासून मांडी घालून मिरचीचे देठ खुडणाऱ्या बायकांना तो मास्तर सांगतोय, मांडी घाला आणि डोळे मिटा. पारूबाई म्हणाली, मास्तर, मिटते, पण मग उठवायचं न्हाय. मग हातात दाबायला पिवळे चेंडू दिलेत, चेहरा काढलेले. दाबलं की मन हलकं होतं म्हणे. आमच्या मिरचीच्या हातांनी ते चेंडू आठवड्यात तिखट झाले. भरमाच्या बायकोनं आपला घरी नेला, नातवानं तोंडात घातला, आणि सगळी गल्ली त्या पोरामागं पाण्याचा तांब्या घेऊन धावली. एवढं करण्यापेक्षा संडासाची किल्ली नागेंद्रच्या खिशातून काढून खिळ्याला अडकवली असतीस, तर निम्म्या बायकांचं मन तिथंच हलकं झालं असतं. ते कुणी विचारलं नाही.

पण ती बेळगावची मुलगी, तेजस्वी, बुधवारी येऊन कोपऱ्यातल्या खोलीत बायकांचं ऐकून घेते ती, ती खरी आहे. तिलाही मी आधी हसले. चार बुकं शिकलेली पोर, लग्न झालेलं नाही, हिला काय सांगायचं आमचं? आता नाही हसत.

तू आमच्या शेडात येतेस ती नाकाला रुमाल लावून, उद्घाटनापुरती. म्हणून तुला एक गोष्ट माहीत नसणार. संकेश्वरी मिरचीचा खकाणा उठला की सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहतं. नव्या बाईच्या, जुन्या बाईच्या, हमालाच्या, नागेंद्रच्यासुद्धा. त्यामुळं आमच्याकडं कुणीही बिनधास्त रडावं, कोण विचारत नाही. कुणाचा नवरा मारतो, कुणाचा मुलगा पुण्याला गेला तो फोन करत नाही. पदर डोळ्याला लावायचा, नाक ओढायचं आणि मिरचीला एक शिवी द्यायची. घरात रडलं तर दहा प्रश्न. इथं एक नाही. माझा धनी गेल्यावरचं सगळं मी रडून घेतलं ते त्या शेडातच, आणि गल्लीत कुणाला कळलं नाही.

रूपालीचं बाळ गेल्या उन्हाळ्यात पोटातच गेलं. दिवस भरत आले होते. सासू म्हणाली, रडू नको, अंगावरचं दूध सुकणार न्हाय. दीर म्हणाला, दुसरं होईल की. नवरा बाहेर जाऊन बसायचा, तोही तिच्याएवढाच पोर आहे. आणि पोरगी कामावर आली. दिवसभर रडायची, आणि आम्ही समजायचो, मिरची. मीसुद्धा. माझ्या उजव्या हाताला बसायची ती.

दिवाळीनंतर हळदीचं पॅकिंग लागलं. हळदीनं हात पिवळे होतात, कपडे पिवळे होतात, पण डोळ्याला पाणी येत नाही. त्या दिवशी शेडात बघावं तिथं कोरडे चेहरे, आणि रूपालीच्या गालावरनं धार चाललीय. तिलाही कळलं नव्हतं. हात पिशव्या भरतोय, डोळे गळतायत. मी म्हटलं, अगं, आज मिरची न्हाय. तर माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी तिचा पदरच ओढला.

बुधवारी हाताला धरून तिला तेजस्वीच्या खोलीत मी नेली. ती येत नव्हती, मी ओढली. आज शेडातल्या बायका म्हणतात, तू नेली नसतीस तर पोरगीचं काम टिकलं असतं. मी त्यांना सांगितलं, नेली ते बरोबर केलं, आणि तुमच्यापैकी कुणाचं तसं झालं तर तिलाही ओढत नेईन.

तेजस्वीनं तिला बोलतं केलं. बाळाचं नाव ठरवलं होतं का, असं विचारलं म्हणे. आजपर्यंत कुणी विचारलं नव्हतं. ठरवलं होतं. मग तेजस्वी तिला बेळगावच्या डॉक्टरकडं घेऊन गेली, गोळ्या सुरू झाल्या, पोरगी रात्रीची झोपायला लागली. एकदा तर पारूबाईच्या जोकला हसलीसुद्धा. तेजस्वीनं ऑफिसात सांगितलं की महिनाभर हिला चक्कीजवळ नको, बसून करायचं काम द्या, आणि दुपारनंतर लवकर सोडा. यात अवघड काय होतं? पण नागेंद्रनं 'मानसिक' एवढा एकच शब्द ऐकला. आधी म्हणाला चक्कीवर नको. मग म्हणाला शेडातच नको, काही करून घेतलं तर जबाबदारी कुणाची? आणि मागं वळून हमालाला कानडीत म्हणाला, हुच्ची. वेडी म्हणे. रूपालीला कानडी येतं, त्रिशला. ती उभीच होती तिथं.

डॉक्टरकडं कागद मागायला मीच गेले तिच्याबरोबर. डॉक्टर म्हणाल्या, ही काम करू शकते असं मी लिहून देते, काम केलं तर लवकर बरी होईल. नागेंद्रनं तो कागद बाजूला सारला. म्हणतो, काम करू शकते ते राहू दे, डोकं पूर्ण ठीक आहे आणि पुढंही ठीक राहील असं लिहून आणा. पुढचं कोण लिहून देणार? तो देईल का तुझ्या मालकांना, श्रेयांसअण्णांना, की पुढच्या वर्षी माझं डोकं ठीक असेल म्हणून?

आता घरात दीर म्हणतो, कारखान्यानंच वेडी ठरवली, आम्ही काय वेगळं बोलतोय. हिला खानापूरला माहेरी पोचवा आणि भावाला दुसरी बघा. सासू अजून गप्प आहे, पण ती किती दिवस गप्प राहील ते सांगता येत नाही. कामावर जाणारी सून होती तोवर तिला ताटात वाढत होते. आणि इकडं तुझ्या त्या खोलीत आता कोण जात नाही. तेजस्वी बुधवारी येते, एकटी बसते, चहा पिते आणि बोर्डाखालनं परत जाते. मन मोकळं केलं की गेट बंद होतं, हे बायकांना कळलंय. परत पदर, परत मिरचीला शिवी.

तुला राग येईल असं एक लिहिते. तुझी आई गेली त्या वर्षी तू भिंतीकडं तोंड करून पडली होतीस. मी तुझ्या केसांना तेल लावायला यायचे, केसांत जटा झाल्या होत्या. अण्णांनी तुला बेळगावला नेलं आणि लोकांना सांगितलं, गुडघा दुखतोय. गोळ्या घेतल्यास, उठलीस, हळूहळू स्वयंपाकघरात आलीस. पहिल्या दिवशी आमटीत मीठ दोनदा पडलं आणि सगळ्यांनी गप गिळलं. तुझ्याकडं कुणी कागद मागितला का? तुझ्या घरच्यांनी तुला सांभाळून घेतलं, म्हणून तू ही योजना काढलीस, हे मला माहीत आहे. दुसऱ्या कुणाला माहीत नाही, आणि माझ्या तोंडातनं ते मरेपर्यंत बाहेर पडणार नाही. तू माझं ऐकलंस तरी, नाही ऐकलंस तरी. त्याची भीती धरू नको, ते सौद्याचं नाही.

रूपालीला काय लागेल ते सांगते, फार नाही. तिला माझ्या शेजारी बसवा. पूर्वी आमच्यात रीत होती, एखादीचा हात चालत नसला की शेजारीण तिच्या ढिगातनं ओंजळभर मिरची आपल्याकडं ओढायची, न बोलता, आणि संध्याकाळी सगळ्यांच्या बुट्ट्या सारख्या भरलेल्या दिसायच्या. माझ्या धन्याच्या वेळी माझा अर्धा ढीग पारूबाईनं खुडलाय. आता तुम्ही बुट्ट्यांना नंबर टाकलेत, आणि ओंजळ इकडची तिकडं केली की नागेंद्र चोरी म्हणतो. तो नंबर काढा. ओंजळ इकडची तिकडं गेलेली शेडातल्या कॅमेऱ्यात दिसली तर दिसू दे. तुझ्या योजनेत जे बसत नाही ते आमच्याकडं आधीपासनं होतं, ते तेवढं मोडू नका. तेजस्वीही राहू दे, तिचं काम आमच्याच्यानं होणार नाही.

आता हे आजच का लिहितेय. शुक्रवारी बेळगावचे कारखानदार येणार, मांडव पडतोय, कामगारांच्या मनाची काळजी घेतली म्हणून अण्णांना ढाल मिळणार. आणि बायकांतर्फे आभाराचं भाषण मी करायचं, असं ठरलंय. नागेंद्रनं लिहून दिलंय, पाठ करून घेतोय शाळेतल्या पोरासारखं. 'आमचा कारखाना म्हणजे आमचं माहेर.' मी नाही म्हटलेलं नाही. माईकसमोर मी जाणार, आणि हातात माईक आल्यावर तो माझ्याकडनं कोण काढून घेणार ते बघते. गुरुवारी सकाळी रूपाली माझ्या उजव्या हाताला बसलेली असली, तर नागेंद्रचं भाषण शब्दाला शब्द म्हणेन, माहेरासकट, आणि मनापासून म्हणेन. नसली, तर तिचं नाव घेऊन जे झालं ते सांगेन, मराठीत आणि कानडीत, म्हणजे मांडवात कुणाला कळलं नाही असं व्हायला नको. मग माझी बुट्टी काढून घेतलीत तरी चालेल, मिरची दुसरीकडंही खुडायला मिळते. तुला आधी सांगतेय ते एका बाकावरची म्हणून, नाहीतर सांगितलं नसतं. बुधवारी, दिवस मावळायच्या आत तू जेवतेस त्याच्या आधी, निरोप धाड. व्हय किंवा न्हाय. 'अण्णांना विचारून बघते' असला निरोप आला, तर मी तो 'न्हाय' धरणार.

सगळं सांगूनही तुझीच,
जया