पाणी कोण भरतं

६ एप्रिल
मिळालं बाई एकदाचं घर! जुळे सोलापुरात, दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या, आणि भाडं माझ्या पगाराला झेपेल इतकं. याआधी सात ठिकाणी नकार ऐकला. नवरा नाही म्हटलं की घरमालकांना लगेच कुणीतरी भाचा आठवायचा, ज्याला म्हणे ते घर आधीच कबूल केलेलं असायचं. इथले घरमालक वेणीमाधवकाकांनी मात्र एकही चोंबडा प्रश्न विचारला नाही. किल्ली जिन्यातच दिली आणि गेले. वर काही आले नाहीत. गुडघे दुखत असतील. चिंचोळीला कामावर जायला कंपनीची बस चौकातूनच मिळते. शाळा सुटली की सोनमला मैंदर्गीहून आणायचं. सहा वर्षांची पोर वर्षभर आजीकडे राहिलीय. रोज फोनवर विचारते, आपलं घर कधी? आज सांगितलं, झालं! ती नाचली म्हणे.

८ एप्रिल
इथं पाणी पाचव्या दिवशी येतं, सकाळी दहाला. नळ खाली जिन्यापाशी, कळशीनं वर न्यायचं. अंगणातला जुना हौद सिमेंटनं कायमचा बंद केलाय. खालच्या केराबाई म्हणाल्या, "दहाला घरात माणूस पायजे की, न्हायतर पाच दिस कोरडं." दहाला मी कंपनीत. माणूस काय बाजारातून आणू? तरी दोन पिंपं घेऊन ठेवलीत. रविवारी बघू.

११ एप्रिल
संध्याकाळी कुलूप उघडलं तर दोन्ही पिंपं काठोकाठ भरलेली! कळशी, तांब्या, पातेलीसुद्धा. काकांनी केराबाईंकडे दुसरी किल्ली ठेवली असणार. दोन मजले चढून परक्या बाईसाठी एवढं कोण करतं? खरंच डोळे भरून आले. आमच्याकडे घरचं काम करणाऱ्याला उपाशी पाठवत नाहीत. पुढच्या पाण्याला ओट्यावर ताट वाढून ठेवीन.

१६ एप्रिल
सकाळी ज्वारीची भाकरी, पिठलं, शेंगांची चटणी झाकून ठेवली होती. आले तर ताट घासून पालथं घातलेलं, पाणी भरलेलं. खूश होऊन केराबाईंचे आभार मानायला गेले. त्यांचा चेहराच उतरला. म्हणाल्या, "म्या न्हाय भरलं. माझ्याकडं कुटली किल्ली?" मग हळूच विचारलं, ताट वाढलंस व्हय? मी हो म्हटलं. "आगं, ताट वाढलं म्हंजी तिला घरातलं धरलंस की!"
कुणाला, ते सांगायच्या आत त्यांनी दार लावून घेतलं.

१७ एप्रिल
आज पाण्याचा दिवस नाही. तरी सगळं भरलंय. वाट्या, कप, डब्यांची झाकणं, माझे बूट. एकेक मोरीत ओतत गेले. शेवटचा कप रिकामा केला आणि मागं पाहिलं तर पहिली वाटी भरलेली.
मला फार भीती वाटतेय.

१८ एप्रिल
रजा टाकली. केराबाईंना फाटकापाशी गाठलं, तेव्हा बोलल्या. माझ्या आधी या घरात मल्लव्वा राहायची, लहान पोरीला घेऊन. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात तिचं पाणी भरायचं राहिलं. पोर तापानं फणफणलेली, पाणी पाणी करत होती. इमारतीतली आठही दारं वाजवली, कुणी एक कळशी दिली नाही. हौदाच्या तळाचं पाणी काढायला वाकली ती आतच गेली. दुसऱ्या दिवशी नळ आला, हौद भरला. कुणी आत पाहिलं नाही. "दोन दिस आमी तेच प्यालो," एवढं बोलून त्या रडायला लागल्या. मल्लव्वाची पोर नळ येण्याआधीच गेली होती.
सोनमला इथं आणायचं नाही. आईला फोन लागत नाहीये.

१८, दुपारी
लागला. शाळा लवकर सुटली म्हणून आई सोनमला घेऊन सकाळीच एसटीत बसली. मला आनंद व्हावा म्हणून. मी घर शोधत कामगारवस्त्या पालथ्या घालत होते, आणि त्या दोघी माझ्या दारात पोचल्या. आई म्हणाली, काळजी करू नकोस, तुझ्या घरातल्या बाईनं आतून दार उघडलं, किती माया आहे तिला. सोनमला मांडीवर घेऊन पाणी पाजतेय.
कुलपाची किल्ली माझ्या पर्समध्ये आहे.

१९ एप्रिल
सोनमला घेऊन स्टँडजवळच्या लॉजवर आले. आईला मैंदर्गीला धाडलं. खोलीतला पेला रिकामा होता. आता भरलाय. आम्ही कुठंही गेलो तरी — ती आता घरातली आहे ना. मीच धरलं तिला.
सोनमला तहान नाही. तरी गिळतेय. मावशी पी म्हणते, असं सांगते.

२० एप्रिल, सकाळी
डॉक्टर म्हणाले, काही नाही, पाणी कमी द्या. मी थेंबही दिलेला नाही. पोट टम्म. बोलली की घशात खळखळ —
भिंतीकडे हात जोडले. पुरे म्हटलं. हिची तहान भागली, मल्लव्वा, ही तुझी नाही —
ऐकत नाही.

२० — दहा वाजले
मांडीवर पालथी धरलीय. तोंडातून पाणी जातंय. एका हातानं लिहितेय, कुणाला तरी कळावं. रिकामी करते, सरळ करते, पुन्हा —
पुन्हा —

थांबलं. खरंच थांबलं!
सोनमनं डोळे उघडले. माझ्याकडे बघून विचारलं, आई, तुला तहान लागलीय का?
मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि तोंडभर पाणी —