कमांडो इंग्लिश, कवठे महांकाळ

५ जानेवारी, पहाटे ५.१०
आजपासून रोजनिशी. शिस्त म्हणून.
क्लासचं नाव फायनल. कमांडो इंग्लिश अकॅडमी. जागा स्टँडजवळ, खताच्या दुकानावरची खोली. दुकानदाराला म्हटलं, खाली पिकाला युरिया, वर पोरांना इंग्रजी. तो हसला नाही.
सैन्यात सतरा वर्षं काढली, हवालदार होऊन बाहेर पडलो. सतरा वर्षं साहेब लोकांशी इंग्रजीत बोललो. बहुतेक वेळा "यस सर", पण उच्चार पक्का. इकडची पोरं अग्निवीर, बँक, पोलीस अशा परीक्षांना बसतात आणि इंग्रजीत आपटतात. कारण एकच, त्यांना इंग्रजीची भीती वाटते. मास्तरची भीती त्याहून मोठी झाली की इंग्रजीची जाते. साधं गणित आहे.
राजेश्वरी (आमच्या मंडळी) म्हणाली, "आवं, आदी तुमी तरी ते ग्रामरचं पुस्तक वाचा की." बायकांना स्ट्रॅटेजी कळत नाही.

९ जानेवारी
ॲडमिशन अकरा. त्यात माझा भाचा वीरधवल. वय वीस. नागजच्या मनुअक्काचा एकुलता एक. अग्निवीर क्लार्कला बसणार, आणि त्या पेपरात इंग्रजी असतं. पळायला पोरगं एक नंबर. सोळाशे मीटर सव्वापाच मिनिटांत.
अक्का स्वतः सोडायला आली. म्हणाली, "लाला, ह्येला बाप न्हाई. तूच बाप समज. चुकला तर मार." तोंडी परवानगी मिळाली. साक्षीदार राजेश्वरी.

१२ जानेवारी
पहिला तास. टेन्स. वेताची छडी. एका चुकीला एक. दहा पोरांत सत्तावीस झाल्या. अकरावी सृष्टी. ती पोलीस भरतीवाली. मुलींवर हात टाकत नाही, तत्त्व आहे. तिला उठाबशा.
रात्रभर खांदा ठणकणार. शिकवणं किती कष्टाचं काम आहे हे लोकांना कळत नाही.

२० जानेवारी
छडी मोडली. कैफच्या पाठीवर. गॅरेजवाल्या शमशेरभाईंचा मुलगा, बँकेची तयारी करतो. "आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स" असं लिहिलं होतं. शर्ट वर करून वळ बघितले. चार. सरळ रेषेत आले आहेत. नेम अजून शाबूत आहे.
नवी छडी आणली. दोन आणल्या.

२ फेब्रुवारी
नवीन पद्धत. बडी सिस्टिम. चुकला की शेजारच्याने मारायचं. मला आराम, त्यांची रिव्हिजन.
कैफने वीरधवलला हॅज-हॅववरून एक दिली. वीरधवलने त्याला डू-डजवरून दोन दिल्या. तिसरी कशावरून होती ते कळलं नाही. बाक उलटा झाला. कैफचा ओठ फाटला, वीरधवलच्या शर्टाची बाही हातात आली. मधले दोघं कारण माहीत नसताना घुसले आणि सगळ्यात जास्त मार त्यांनीच खाल्ला. खतवाला सोडवायला वर आला, त्याच्या नाकावर कुणाचं तरी कोपर बसलं. शेवटी सृष्टीने जारमधलं पाणी सगळ्यांवर ओतलं.
म्हणाली, "सर, आज एकबी नियम झाला न्हाई."
मुलींना टीमवर्क कळत नाही.
ॲडमिशन आठ.

१५ फेब्रुवारी
राजेश्वरीने दोन्ही छड्या बंबात घातल्या. अंघोळीचं पाणी चांगलं तापलं. म्हणाली, "लोकांची पोरं हायती ती." ठीक आहे. माझाही मूळ विचार तोच होता.
संकल्प : हात उगारायचा नाही. राग आला की इंग्रजीत दहापर्यंत मोजायचं. रागही जातो, पोरांना आकडेही ऐकू येतात.

१६ फेब्रुवारी
सिक्सपर्यंत पोचलो.

१७ फेब्रुवारी
फोर.

१९ फेब्रुवारी
शिवजयंती. क्लास बंद. आज कुणालाही मारलं नाही. संकल्प लागू पडतोय.

४ मार्च
आर्टिकल्स. नियम सोपा. ए, ई, आय, ओ, यू आलं की ॲन. बाकी सगळीकडे अ.
फळ्यावर वीरधवलला उभा केला. वाक्य दिलं, तो एक प्रामाणिक माणूस आहे. त्याने लिहिलं, "ही इज ॲन ऑनेस्ट मॅन." मी विचारलं, होनेस्टचं पहिलं अक्षर कोणतं? म्हणाला, एच. एच स्वर आहे का? म्हणाला, नाही. मग ॲन कुठून आला?
तो म्हणाला, "मामा, एच निस्ता लिवायचा असतोय. बोलताना ऑनेस्ट म्हणत्यात."
भर वर्गात मामा. सर नाही.
मोजायला लागलो. वन.
चापट तशी हलकी होती. पण तो फळ्यावर आदळला आणि खाली बसला. डावा हात कानावर. बोटांतून रक्ताची बारीक धार कॉलरपर्यंत आली. म्हटलं, नख लागलं असेल. माझी नखं कापलेली असतात, पण एखादं राहतं.
सृष्टीने मोबाईल माझ्यासमोर धरला. त्यातली बाई "ऑनेस्ट" म्हणाली. सृष्टीने परत दाबलं. बाई परत म्हणाली. मी म्हटलं, मोबाईलचं इंग्रजी वेगळं, परीक्षेचं वेगळं. 
कैफने त्याला गाडीवर घालून मिरजेला नेलं. मी तास पूर्ण केला. आवाज थोडा बसला होता. खडूची धूळ.

५ मार्च
मिरजेचे डॉक्टर म्हणाले, कानाच्या पडद्याला भोक पडलंय. बहुतेक वेळा दोन-तीन महिन्यांत आपोआप भरून येतं.
आपोआप भरून येतं म्हणजे काही झालंच नाही. शहाळं पाठवलं.

७ मार्च, सकाळी ११.२०
अक्का आली. क्लास चालू होता. मी म्हटलं, बस अक्का. ती बसली नाही. पायातली चप्पल काढली. पहिली खांद्यावर, दुसरी मानेवर. म्हणाली, "चुकला तर मार म्हनले हुते मी. चुकला हुता का त्यो?"
मी नियम समजावून सांगायला लागलो. ए, ई, आय, एवढंच झालं. तिसरी तोंडावर. चौथी पण तोंडावर. मग तिने दुसऱ्या पायातली काढली.
खालचा एक दात हलतोय. नाकाचं रक्त हजेरीपटावर पडलं, जानेवारी पूर्ण गेला. पोरांपैकी एकानेही सोडवलं नाही. सृष्टी तेवढी उठली. मला वाटलं सोडवायला. तिने जाऊन दाराला आतून कडी घातली.

८ मार्च
कैफने मोबाईलवर शूटिंग केलं होतं. चार हजार लोकांनी बघितलं. सांगली, कुपवाड, पार साताऱ्यापर्यंत गेलं. साताऱ्याच्या मेहुण्याचा फोन आला, हसून बोलता येईना त्याला.
क्लासचा बोर्ड व्हिडिओत स्पष्ट दिसतो. फुकट जाहिरात. ॲडमिशन वाढणार.

१२ मार्च
दोघं आले. एक राहिलेली छत्री न्यायला, दुसरा त्याच्यासोबत.

२४ एप्रिल
वीरधवलचा पेपर झाला. महिनाभर सृष्टीकडून शिकत होता म्हणे. इंग्रजी सोपं गेलं. पाया माझाच.

३ जून
पास. वीरधवल पास. मी स्टँडवर पेढे वाटले. अक्काने घेतला नाही.
संध्याकाळी स्टँडसमोर फ्लेक्स लावला. एका बाजूला वीरधवल, एका बाजूला मी, मधे "कमांडोचा पहिला जवान". मी थोडा मोठा आलोय, फ्लेक्सवाल्याची चूक.

४ जून
फ्लेक्स फाडला. मधोमध, मी खाली गटारात. खतवाला म्हणाला, कैफ दिसला होता.
जाब विचारायला गॅरेजवर गेलो. शमशेरभाईंनी हातातला पाना आधी नीट खाली ठेवला, मग माझी कॉलर धरली आणि मला टायरांच्या ढिगावर उताणा पाडला. छातीवर गुडघा. म्हणाले, "हवालदार, माझ्या पोराची पाठ मी बघितलीया. त्यो शाना हाय, निस्ता फ्लेक्स फाडला. मी एवडा शाना न्हाई."
चर्चा सकारात्मक झाली. बरगडी दुखते.

१९ ऑगस्ट
भरती. वीरधवल पळण्यात पहिल्या गटात. उंची, छाती, वजन सगळं ओके. मी मैदानाच्या बाहेर उभा होतो, शेजारच्या माणसांना सांगत होतो, माझा विद्यार्थी.
दुपारी मेडिकल. डॉक्टरने डाव्या कानात बॅटरी मारून बघितलं, मग दुसऱ्या डॉक्टरला बोलावलं. भोक भरलेलं नाही. अनफिट.
वीरधवल बाहेर आला, गुंडाळलेले कागद हातात. मी म्हटलं, अपील असतं. पुण्याला लष्करी हॉस्पिटलात परत तपासतात. तिथे माझी ओळख आहे. मनात आठवून बघितलं. कँटीनमधला एकजण होता, तोही रिटायर झाला.
अक्काला फोन मीच करतो म्हटलं. लागला नाही. लावला नाही.

२ सप्टेंबर, पुण्याहून परत
गेल्या गेल्या त्यांनी फॉर्म भरायला दिला. त्यात एक रकाना होता. इजा कशी झाली, ते उमेदवाराने स्वतःच्या अक्षरात, इंग्रजीत लिहायचं. मी येताना एक वाक्य तयार केलं होतं, खेळताना लागलं अशा अर्थाचं. सांगायच्या आत वीरधवलने पेन उचललं होतं.
त्याने लिहिलं, "आय फेल फ्रॉम अ मोटरसायकल."
मी फॉर्म हातात घेतला. सवयीने चूक शोधली. फॉलचं फेल, बरोबर. फ्रॉम बरोबर. मोटरसायकलच्या आधी अ, तोही बरोबर. शेवटी फुलस्टॉप. परत एकदा वाचलं. तोवर शिपायाने फॉर्म ओढून घेतला.
तासाभराने निकाल. अनफिट. त्या कानाने निम्मंच ऐकू येतं म्हणे. ऑपरेशन करून पुढच्या वर्षी यावं तर वय बसत नाही.
परतीच्या एसटीत दोघांच्या सीटवर बसलो. तो खिडकीला डोकं टेकून बाहेर बघत होता.  साताऱ्याच्या पुढे विचारलं, "खरं का लिहिलं नाहीस?"
मी त्याच्या डाव्या बाजूला बसलो होतो. गाडीचा आवाज होता. त्याला ऐकू आलं नाही.
परत विचारलं नाही.